दागिना घेण्याआधी: प्रस्तावना

बोरमाळ तराजूत ठेवली की काट्यावर आकडा एकच उमटतो, पण त्या आकड्यात निदान तीन वस्तू असतात. मण्यांवरचा सोन्याचा पातळ पत्रा, त्याच्या पोटात भरलेली लाख आणि मणी ओवलेला दोरा. मंगळसूत्रात सोन्याबरोबर काचेचे काळे मणी असतात. तन्मणीत मोत्यांच्या सरी आणि खड्यांचं पदक असतं. कुंदनाच्या हारात तर सोनं, लाख, पोलकी आणि पाठीवरचा मीना अशी सगळी मंडळी एकत्र बसलेली असतात. सोन्याचा भाव यांतल्या फक्त सोन्याला लागू होतो. तेल घेताना डब्याचं वजन आधी वजा करून घेणारी आपली माणसं सराफाच्या पेढीवर मात्र हा हिशेब मागायला संकोचतात. तो संकोच जावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

दागिन्यांवर मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. ठुशी, वज्रटिक, चिंचपेटी, बकुळीहार, कोल्हापुरी साज यांच्या सौंदर्याबद्दल, परंपरेबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. पण दागिना ही घरातली बहुधा सर्वांत महाग हलती मालमत्ता, आणि अनेक बायकांच्या बाबतीत पूर्णपणे त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकमेव मालमत्ता. ती घेताना काय विचारायचं, बिलावर काय लिहून घ्यायचं, खडा खरा म्हणजे नेमका कसा, याबद्दल घराघरांत बोललं जातं ते सगळं ऐकीव. माझं म्हणणं थोडक्यात असं: दागिना विकत घ्यायचा तो मनातल्या मनात सुटा करून. धातू वेगळा, खडा वेगळा, भरण वेगळी, मजुरी वेगळी. प्रत्येकाचं वजन वेगळं, भाव वेगळा, आणि उद्या विकायची वेळ आली तर परत येणारी किंमतही वेगळी.

हा फरक पैशांत किती पडतो ते एका हिशेबाने दाखवतो. समजा, मंगळसूत्राचं एकूण वजन १५ ग्रॅम आहे. त्यातले काळे मणी आणि दोरा मिळून २.२ ग्रॅम. निव्वळ सोनं उरलं १२.८ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. एकूण वजनावर बिल केलं तर काचेच्या मण्यांचे २२,००० रुपये झाले. घडणावळ १२ टक्के असेल तर ती या फुगलेल्या रकमेवरही लागते, म्हणजे आणखी २,६४० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी. काचेच्या चिमूटभर मण्यांपोटी पंचवीस हजारांवर रक्कम गेली. काळ्या मण्यांना किंमतच नाही असं नव्हे, त्यांची जी असेल ती किंमत बिलात स्वतंत्र लिहावी. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलात वस्तूचं वर्णन, मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार हे वेगवेगळं दाखवणं सराफाला बंधनकारक आहे. तेव्हा ‘दादा, यातलं निव्वळ सोनं किती?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. चांगला सराफ त्याचं उत्तर विचारण्याआधीच देतो.

वजनाबद्दल आणखी एक. जुन्या वह्यांत, लग्नाच्या याद्यांत ‘दहा तोळे’ लिहिलेलं असतं तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. आजचा बाजारातला तोळा सरळ १० ग्रॅमचा. आजीच्या दहा तोळ्यांचे ग्रॅम ११६ च्या पुढे जातात. वाटणीच्या वेळी या फरकावरून भावाभावांत, बहिणीबहिणींत गैरसमज झालेले आहेत. कुणीही सोनं काढून घेतलेलं नसतं, माप बदललेलं असतं.

आता शुद्धतेकडे. शुद्ध सोनं २४ कॅरेटचं. ते इतकं मऊ की त्याची अंगठी रोजच्या वापरात आकार धरणार नाही, म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ कॅरेट म्हणजे ५८५. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ कॅरेटमध्ये करतात, त्यामागे फसवणूक नसते. हिरा धरून ठेवणारे बारीक पंजे कडक लागतात आणि २२ कॅरेटचं सोनं त्या कामाला नरम पडतं. मात्र भाव १८ कॅरेटचाच लागला पाहिजे. पांढरं सोनं हेही असंच मिश्रण, वरून ऱ्होडियमचा मुलामा दिलेलं. काही वर्षांनी तो मुलामा झिजून पिवळसर झाक दिसू लागते आणि तो पुन्हा द्यावा लागतो. ‘वन ग्रॅम’ म्हणून जे विकतात ते सोन्याचा मुलामा दिलेलं साध्या धातूचं काम असतं. हौसेला छान, पण मोडीत शून्य.

हॉलमार्किंगची योजना भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली, पुढे जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दागिन्यावर आता तीन खुणा शोधायच्या: ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ यासारखी शुद्धता आणि हा क्रमांक. त्या इतक्या बारीक असतात की भिंग मागून घ्यावं लागतं, आणि ते मागावंच. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिना कुणी हॉलमार्क करून घेतला, कोणत्या केंद्रात, शुद्धता किती आणि वस्तू कोणती, हे समोर येतं. यातली शेवटची नोंद लोक वाचत नाहीत. हातात साखळी आणि पडद्यावर ‘अंगठी’ असं दिसलं तर तिथेच थांबावं. शुद्धता लिहिल्यापेक्षा कमी निघाली तर त्या दागिन्याच्या वजनावर जेवढी तूट येते तिच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळण्याची तरतूद नियमांत आहे.

पण या सक्तीला अपवाद आहेत आणि ते नेमके महागड्या खरेदीतले आहेत. कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने सक्तीच्या हॉलमार्किंगमधून वगळलेले आहेत. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूही. लग्नासाठी कुंदनाचा मोठा हार घेताना बाकी सगळ्या खरेदीपेक्षा जास्त प्रश्न विचारायला हवेत, आणि होतं नेमकं उलटं. हाराच्या झगमगाटापुढे तराजूची आठवण राहत नाही. कुंदनात खड्याभोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी थंडच दाबून बसवतात, खड्याखाली चमकीचा पत्रा असतो आणि पोकळीत लाख. ही अत्यंत कसबाची कला आहे, तिचा पैसा द्यावाच. फक्त सोनं किती, खडे कशाचे, लाख किती, हे वेगवेगळं लिहून मिळालं पाहिजे.

शुद्धता तपासतात कशी, हे ठाऊक असलेलं बरं. दुकानात जे यंत्र दागिना आत ठेवताच पडद्यावर टक्के दाखवतं ते क्ष-किरणांवर चालतं आणि पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतं. चाळणी म्हणून ते उत्तम. आत काय आहे ते कळायला जुनी अग्निपरीक्षाच लागते. दागिन्याचा एवढासा तुकडा खरवडून काढतात, अचूक तोलतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत ठेवून हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत सारतात. शिसं वितळतं, तांब्यासारखी हिणकस भर सोबत घेऊन मुशीच्या अंगात जिरून जातं. उरतो सोन्या-चांदीचा मणी. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते. मागे राहतं ते फक्त सोनं, सुरुवातीला मातकट तपकिरी दिसणारं, तापवल्यावर पिवळं होणारं. ते पुन्हा तोलायचं. दोन वजनांचं गुणोत्तर म्हणजे शुद्धता. हा सगळा प्रकार मला फार सुंदर वाटतो. यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

सोनं गाळण्याच्या या विद्येशी मराठी माणसाचं नातं जवळचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. दक्षिणेतल्या गावांपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत सराफ कट्ट्याच्या एखाद्या बोळात भट्टी पेटवून जुनं सोनं शुद्ध करून देणारा माणूस मराठी बोलताना भेटतो. दागिन्यांच्या झगमगत्या जाहिरातींत यांचा चेहरा कधी येत नाही, पण आपण मोडीत टाकलेलं सोनं नवं होतं ते यांच्या हातून.

मोडीत सोनं कमी का भरतं, याचं उत्तरही तिथेच मिळतं. ठुशीसारख्या दागिन्यात बारीक मणी आणि तारा असतात आणि त्यांचे असंख्य सांधे झाळून जोडलेले असतात. झाळ मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळली पाहिजे, नाहीतर सांधा जोडताना दागिनाच वितळेल. म्हणून पूर्वी झाळीत तांबं-चांदी जास्त घालत. पत्रा २२ कॅरेटचा असला तरी सगळा दागिना गाळल्यावर कस उतरायचा. मग कॅडमियमची झाळ आली. ती थोडकी लागते आणि कस फारसा उतरत नाही, म्हणून ‘केडीएम’ हे नाव शुद्धतेची खूण म्हणून विकलं गेलं. पण कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक. आज तिला हॉलमार्कच्या व्यवस्थेत जागा नाही. अजूनही कुणी ‘केडीएम आहे, निर्धास्त घ्या’ म्हणालं तर ती जुन्या काळातली शिफारस समजावी आणि हॉलमार्कच पाहावा.

घडणावळीबद्दल मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे. यंत्रावर ओढलेली साखळी आणि हाताने केलेला कोल्हापुरी साज यांची मजुरी सारखी असूच शकत नाही. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा मुंबईच्या झवेरी बाजारामागच्या खोल्यांत पाठ वाकवून काम करणाऱ्या कारागिराच्या हाताला योग्य दाम मिळायलाच हवं. जास्त मजुरी म्हणजे लूट नव्हे. लपवलेली मजुरी मात्र लूट आहे. काही ठिकाणी घट वेगळी आणि घडणावळ वेगळी लावतात. २० ग्रॅमच्या दागिन्यावर ८ टक्के घट धरली की बिल २१.६ ग्रॅमचं होतं आणि वर पुन्हा मजुरी. दोन्ही मिळून किती टक्के झाले तेवढं विचारावं, मग दुकानादुकानांची तुलना करता येते. ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली तर ती रक्कम भावात गेली आहे की खड्यांच्या किमतीत, ते शोधावं. कारागीर फुकट काम करत नाही. आणि घट, मजुरी, कर यांतलं काहीही विकताना परत मिळत नाही. म्हणून गुंतवणूक हवी असेल तर दागिना हा तिचा महागडा मार्ग आहे. अंगावर घालायचा आनंद हवा असेल तर मजुरी वाया गेली असं मुळीच नाही.

फासा, फिरकी, कडी, पेच या बारीक भागांकडे घेताना कुणी बघत नाही आणि दागिना हरवतो तो यांच्यामुळेच. साखळी बहुधा मधे तुटत नाही, कडीच्या सांध्याशी झिजून तुटते. फासा दोनदा लावून-काढून पाहावा. कानातल्याची फिरकी सैल फिरत असेल तर तिथेच बदलून मागावी.

खड्यांचं जग याहून अवघड. सोन्याला रोजचा छापील भाव आहे, खड्याला नाही. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, दोन रूपं. क्रोमियमने लाल होतं ते माणिक, लोह आणि टायटॅनियमने निळा होतो तो नीलम. कठीणपणात हिऱ्याखालोखाल. पण नैसर्गिक, प्रक्रिया केलेलं आणि कृत्रिम हे तीन भेद माणकात असे मिसळले आहेत की डोळ्यांनी ओळखणं बहुतेकांना जमत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नुई याने ज्वालेत पूड वितळवून माणिक बनवण्याची कृती १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासून कारखान्यातलं माणिक दागिन्यांत बसत आलं आहे. म्हणून पणजीच्या अंगठीतलं माणिक जुनं आहे, एवढ्यावरून ते खाणीतलं ठरत नाही. भिंगाखाली त्यात वाढीच्या वक्र रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसले तर ते भट्टीतलं. नैसर्गिक माणकालाही उष्णता देऊन रंग खुलवतात. ती जुनी, बाजारमान्य प्रक्रिया आहे, फक्त सांगितली पाहिजे. तडे गेलेल्या माणकात शिशाची काच भरणं ही गोष्ट पूर्णपणे वेगळी. असा खडा लिंबाच्या रसानेही खराब होतो आणि सोनाराची ज्योत लागली तर कायमचा जातो.

पाचूत भेगा असणं स्वाभाविक आहे आणि त्या तेलाने भरण्याची रीतही फार जुनी. म्हणून पाचूची अंगठी गरम पाण्यात किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रात धुऊ नये. पोवळं मऊ, घाम आणि आम्ल त्याला सोसत नाही. गोमेद, लसण्या, पुष्कराज हे बहुधा पत्रिकेच्या सल्ल्याने घेतले जातात. श्रद्धेत मी पडत नाही, पण ‘सव्वापाच रत्ती’ असं सांगितलं गेलं तर खड्याचं वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या. रत्ती सगळीकडे सारखी धरत नाहीत, खड्याचा कॅरेट मात्र जगभर ०.२ ग्रॅमचाच.

हिऱ्यांबाबत गेल्या काही वर्षांत सगळंच बदललं. एके काळी जगाला हिरे मिळत ते भारतातूनच, गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणींतून. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि ती मक्तेदारी गेली. आज खाणी बाहेर, पण जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला सुरतेला येतात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून चालतो. १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पहिला खात्रीचा कृत्रिम हिरा तयार झाला. आता सुरतेतही प्रयोगशाळेतले हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. हे हिरे नकली नव्हेत. तोच कार्बन, तीच रचना, तीच चमक. दुकानातली हिरा तपासण्याची पेन त्यांना हिराच म्हणणार, कारण ते हिरेच आहेत. ती पेन मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यालाही चकते, कारण तोही उष्णता झपाट्याने वाहून नेतो. खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे सांगायला प्रयोगशाळाच लागते. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची किंमत बरीच कमी, आणि उत्पादन वाढेल तशी ती आणखी उतरत गेली आहे. हौसेसाठी खुशाल घ्यावा, मुलीसाठी शिल्लक म्हणून नव्हे.

रंग, स्वच्छता, पैलू आणि वजन या चार कसोट्यांतली वजनाची कसोटी सगळ्यांना कळते आणि पैलूंची कुणीच विचारत नाही. हिरा चमकतो तो पैलूंच्या कोनांमुळे. वाईट कापलेला मोठा हिरा नीट कापलेल्या लहान हिऱ्यापुढे निस्तेज दिसतो. प्रमाणपत्र स्वतंत्र संस्थेचं असावं: अमेरिकेतली जीआयए, आयजीआय, मुंबईतली १९७१ पासूनची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. प्रमाणित हिऱ्याच्या कडेवर अनेकदा लेझरने क्रमांक कोरलेला असतो, तो कागदावरच्या क्रमांकाशी भिंगाखाली जुळवून पाहावा. दुकानाने स्वतःच्याच नावाने छापलेलं कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

शेवटी मोत्याबद्दल, कारण मराठी घरातली खरी ठेव बरेचदा तिथे असते आणि तीच सर्वांत बेफिकिरीने मोडली जाते. इराणच्या आखातातल्या शिंपल्यांचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि बसरा मोती या नावाने नथीत, कुड्यांत, चिंचपेटीत बसत. जपानच्या मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवण्यात पहिलं यश मिळवलं. पुढच्या काही दशकांत संवर्धित मोत्यांचा पूर आला आणि आखातातला तो धंदा बसला. त्यामुळे नैसर्गिक बसरा मोती आता नव्याने फारसे येत नाहीत, जुन्या दागिन्यांतून निघतात. दातावर घासून खरखर लागली तर मोती खरा, ही युक्ती प्लास्टिक आणि काच ओळखायला पुरते. संवर्धित मोतीही तितकाच खरखरीत लागतो. आत मणी आहे की थरांवर थर, हे क्ष-किरणांनी पाहावं लागतं. जुनी नथ ‘फक्त दोन ग्रॅम सोनं’ म्हणून मोडीत टाकायच्या आधी तिचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत, मोत्यांची संख्या वहीत लिहावी, मोती आम्लात किंवा साबणाच्या पाण्यात न टाकता कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत दाखवावेत. तिथला कागद हातात आल्यावर मग सोन्याचं काय करायचं ते ठरवावं.